पाठीवरचा मजकूर

दिवाळी जवळ आली की आमच्या घरातल्या सगळ्या तसबिरी भिंतीवरून खाली उतरतात. देवादिक, थोर पुरुष, आजोबा-आजी, लग्नातली अवघडून उभी असलेली जोडपी, माझ्या मॅट्रिकच्या वर्गाचा फोटो, अशी सारी मंडळी ओटीवर सतरंजी पसरून तिच्यावर ओळीने निजवली जातात. पत्नी काचा पुसते, मुलगी चौकटींच्या मागची कोळिष्टके काढते, आणि मी, शाळेला सुट्टी लागलेला मास्तर, ‘हळू, हळू’ असे म्हणण्याचे काम मोठ्या जबाबदारीने पार पाडतो.

या मंडळींत एक तसबीर अशी आहे की तिची पाळी आली की घरातले सगळे घटकाभर गप्प होतात. ती माझ्या वडिलांची. आज तिचीच हकीकत सांगणार आहे. म्हणजे पर्यायाने माझ्या एका मूर्खपणाची.

बाबा मूळचे पोलादपूर तालुक्यातले. आमच्याकडे मिसरूड फुटली की तरुण मुंबईची वाट धरी. बाबांनीही धरली. गिरणगावातल्या एका खोलीत पंधरा-वीस गाववाले पाळीपाळीने झोपत, त्यांत त्यांची एक वळकटी पडली. लग्न झाले तरी आई गावीच राहिली. 1979 सालच्या दिवाळीला त्यांना रजा मिळाली नाही. तेव्हा त्यांनी लालबागच्या एका स्टुडिओत फोटो काढून घेतला आणि गावी येणाऱ्या एका सोबत्याच्या हाती तो आईकडे पाठवला. पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा फोटो. अंगात उसना कोट, हात खुर्चीच्या पाठीवर, चेहऱ्यावर हसू आवरल्याचा भाव.

आईने तो लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबा गावी परतले, आणि काही वर्षांनी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले. आम्ही महाडला बिऱ्हाड केले. बाबांच्या तीन पाळ्यांवर आमच्या घराचे घड्याळ चाले. फोटो मात्र ट्रंकेतच होता. 2005 सालच्या जुलैत महाडला मोठा पूर आला, तेव्हा बाबांनी पहिल्यांदा काय उचलले असेल, तर ती ट्रंक. ती माळ्यावर गेली आणि वाचली.

2012 साली बाबा गेले. तेराव्याला भिंतीवर त्यांचा फोटो हवा, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. आईने न बोलता ट्रंक उघडली आणि शालूच्या घडीतून तो फोटो काढून माझ्या हातात दिला.

चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक म्हातारे तसबिरीवाले बसत. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांनी फोटो दोन्ही हातांच्या बोटांनी कडेला धरून उजेडात नेला. तेहतीस वर्षे घडीत राहून तो वळला होता. केळीच्या पानासारखी त्याची कड आत येत होती.

‘हा चिकटवायचा नाही, गुरुजी,’ चाचा म्हणाले. ‘चार कोपऱ्यांत बसवतो. वर पुठ्ठ्याची खिडकी कापतो. पण आधी दोन-तीन दिवस दाबाखाली ठेवावा लागेल.’

‘तेरावा उद्या आहे, चाचा.’

‘मग उद्यापुरता दुसरा फोटो लावा.’

दुसरा फोटो होता तो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. तो लावायला माझे मन तयार होईना. शिवाय एका तसबिरीवाल्याने मला, चार कादंबऱ्या लिहिलेल्या मनुष्याला, थांबायला सांगावे हेही कुठेतरी खुपले. मी चाचांकडून चौकट, काच आणि हार्डबोर्डचा तुकडा विकत घेतला आणि घरी आलो. सुताराचा पांढरा गोंद घरात होताच. बोर्डावर तो सढळ हाताने फासला, फोटो वरून टेकवला, कोरा कागद ठेवून त्याच्यावर मोल्सवर्थचा कोश ठेवला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन झोपलो. सकाळी फोटो इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. काच लावली, मागून चुका ठोकल्या. त्या बारीक खिळ्यांना आमच्याकडे चुकाच म्हणतात. त्या दिवशी मी एकूण आठ ठोकल्या. नववी ठोकायला खिळा लागला नाही.

मंडळी जेवून गेल्यावर आई तसबिरीसमोर येऊन उभी राहिली. पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘छान बसवलास हो. पाठीवरचं वाचलंस ना?’

वाचकहो, पाठीवर काहीतरी आहे, हे मी पाहिले होते. निळ्या शाईच्या चार-पाच ओळी होत्या. पण दिवे गेले होते, घाई होती, आणि स्टुडिओचा पत्ता किंवा तारीख असेल, असे मी धरून चाललो. मी पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकीत नाही. दुसऱ्यांच्या बापांची पत्रे मी कादंबऱ्यांतून कल्पनेने लिहिली आहेत. आणि माझ्या बापाने लिहिलेल्या चार ओळी मी न वाचता सुताराच्या गोंदाखाली कायमच्या बुजवल्या होत्या.

‘वाचलं,’ मी म्हणालो. आईने माझ्याकडे पाहिले आणि ती आत गेली.

त्यानंतर मी चाचांच्या दुकानात वारंवार जाऊन बसू लागलो. प्रायश्चित्त म्हणा, किंवा अजून काही करता येते का ही आशा म्हणा. त्यांच्या फळीवर बसून आणि इकडचे तिकडचे वाचून जे कळले, ते थोडक्यात सांगतो; कारण हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्याही घरच्या तसबिरी बहुधा सतरंजीवर निजलेल्या असतील.

फोटो चिकटवण्याची चाल जुनीच, आणि ती मूर्खांनी पाडलेली नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली. त्या काळचे फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापले जात, आणि तो कागद इतका पातळ असे की तो नुसता ठेवला तर सुरळी होऊन बसे. त्याला जाड पुठ्ठ्यावर चिकटवण्याखेरीज गत्यंतर नव्हते. त्याच साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने भेटपत्राएवढे फोटो पुठ्ठ्यावर लावून देण्याची युक्ती पेटंट केली, आणि ती जगभर पसरली. पुढे कागद जाड झाला, लेप जिलेटिनचा झाला, तरी ‘फोटो म्हणजे चिकटवायचा’ ही सवय हातांतून गेली नाही. चिकटवलेला फोटो दिसतोही देखणा. सपाट, ताठ, लष्करी. म्हणून तर मनुष्य फसतो.

चाचा म्हणत, ‘फोटो म्हणजे कागद नाही, गुरुजी. कागदावरची कातडी आहे.’ ते खरेच आहे. काळ्यापांढऱ्या फोटोत खाली कागद, वर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते चांदीचे कण म्हणजेच आपली आजी, आपले बाबा. जिलेटिन हवेतला ओलावा पिते, फुगते. हवा कोरडी झाली की आकसते. कागदही तसेच करतो. पण पाठीमागचा बोर्ड त्यांच्या तालावर नाचत नाही. मग एकाला जागा द्यायची असते आणि दुसरा सोडीत नाही, अशा संसाराचे जे होते तेच होते: कुठे फुगा येतो, कुठे पोपडा निघतो, कुठे भेग पडते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात हे नाटक दरवर्षी होते.

दुसरी भीती पुठ्ठ्याचीच. स्वस्त पुठ्ठा आणि हार्डबोर्ड यांत लाकडातली आम्लता असते. ती हळूहळू फोटोत उतरते आणि त्याला पिवळा, मग तपकिरी करते. जुन्या तसबिरीतल्या माणसांना कावीळ झाल्यासारखी दिसते, ती पुष्कळदा त्यांच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याची देणगी असते. खळीने चिकटवावे तर कसर आणि झुरळे जेवायला येतात, आणि दमट भिंतीवर बुरशी धरते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. तो कसरीला विष खरा, पण फोटोतल्या चांदीलाही तो मानवत नाही. हल्ली गरम दाबयंत्राने, मध्ये चिकट पापुद्रा घालून फोटो बोर्डाला बसवतात. काम स्वच्छ होते. पण नवीन फोटोंच्या कागदाला प्लॅस्टिकचा लेप असतो आणि उष्णता थोडी जास्त झाली की तो फुगतो, त्याला फोड येतात. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी घरच्या इस्त्रीने हा प्रयोग मुलीच्या लग्नाच्या फोटोवर केला. नवरदेवाच्या फेट्याचे जे झाले त्याचे वर्णन मी करीत नाही. जावई अजून येतात-जातात.

आणखी एक शत्रू म्हणजे काच. फोटो काचेला टेकून बसवला की पावसाळ्यात जिलेटिन मऊ होऊन काचेला धरते. म्हणून पुठ्ठ्याची खिडकी मध्ये हवी. ती शोभेसाठी नसते, फोटो आणि काच यांच्यात बोटभर नव्हे तर नखभर अंतर राहावे म्हणून असते. ताजा ओला हार थेट चौकटीवर सोडला की पाणी काचेमागे झिरपते. उदबत्तीचा धूर, ऊन, हवेतले गंधकाचे वायू यांनीही चांदी बिघडते. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते ते आपण चिंचेने घासतो. फोटोतल्या बाबांना चिंचेने घासता येत नाही.

पण या सगळ्यांहून मोठी भीती दोन शब्दांत सांगता येते: परत फिरता येत नाही. कोपऱ्यांत बसवलेला फोटो हवा तेव्हा सुटतो. संग्रहालयांतली माणसे तर तुतीच्या सालीच्या जपानी कागदाची बारीक पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून चित्र नुसते वरच्या कडेला टांगतात. ओलसर बोळा फिरवला की पट्टी सुटते. सुताराचा गोंद लाकडासाठी केलेला. एकदा धरले की सोडायचे नाही, हाच त्याचा धर्म. माझे चुकले ते एवढेच की मी बापाला लाकूड समजलो.

हे सारे कळले तेव्हा उशीर झाला होता. चाचांनी तसबीर उघडून कड तपासली आणि मान हलवली. ‘राहू द्या. जे आहे ते सांभाळा.’

21 जुलै 2021 च्या रात्री सावित्री आणि गांधारी चढू लागल्या आणि 22 ला महाड पाण्याखाली गेले. तळियेची दरड कोसळली ती त्याच दिवशी. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या आठवड्यात कुणी आपल्या नुकसानीविषयी बोलावे असे दिवस नव्हते. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो, जिवंत होतो, एवढे पुष्कळ होते. या खेपेस ट्रंक उचलायला बाबा नव्हते, आणि ट्रंकेत फोटोही नव्हता. तो मी भिंतीला टांगला होता.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. तसबीर पालथी सापडली. काचेच्या आत गढूळ पाणी हिंदकळत होते आणि बाबांचा चेहरा काचेला आतून टेकला होता, जणू कुणी खिडकीला नाक लावून बाहेर पाहते आहे. मी काच उचकटायला हात घातला आणि एकदम चाचांची आठवण होऊन थांबलो. तसबीर तशीच ओल्या फडक्यात गुंडाळली आणि आईला घेऊन निघालो. ती ऐकेना, ‘मी येते’ म्हणाली.

चाचांचे दुकान उरले नव्हते. नुसती चौकट उभी होती आणि चाचा पायरीवर बसून लोकांचे फोटो पागोळ्यांच्या पाण्यात धूत होते. नळाला पाणी नव्हते, पण पाऊस होता. तेवढेच स्वच्छ पाणी त्या दिवशी महाडात होते. शेजारी दोरीवर, कपडे वाळत घालावेत तशी, साऱ्या गावाची लग्ने आणि बारशी टांगली होती.

‘वाळू दिला नाहीत, हे चांगलं केलंत,’ ते म्हणाले. ‘ओला फोटो काचेवर वाळला की संपला. दोन दिवस पाण्यात तग धरतो; मग कातडी सुटू लागते.’

त्यांनी एका परातीत पावसाचे पाणी घेतले आणि काच, फोटो, बोर्ड सगळे एकत्र आत निजवले. आम्ही तिघे परातीभोवती बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी काच अंगठ्याने हलकेच सरकवली. ती निसटली. डाव्या खांद्याजवळचा रुपयाएवढा तुकडा तिला लागून गेला. चेहरा तसाच राहिला.

मग त्यांनी मागची बाजू पाहिली. हार्डबोर्ड भाकरीसारखा फुगला होता. माझा गोंद पाण्याने पांढरा, दुधाळ झाला होता आणि एका कोपऱ्यात फोटो बोर्डापासून थोडा सुटला होता. त्या फटीत निळा रंग दिसला. एखादे अक्षर असेल, अक्षराचा काना असेल.

माझा श्वास अडकला. चाचांनीही ते पाहिले. ते माझ्याशी न बोलता आईशी बोलले.

‘ताई, पाठ सोडवून बघता येईल. दोन-चार ओळी मिळतीलही. पण गोंद विरघळलेला नाही, नुसता मऊ झालाय. ओढताना कागद फाटणार, आणि वरची कातडी आत्ता सायीसारखी आहे. तोंड राहील असं मी सांगू शकत नाही.’

मी आईकडे पाहिले. मला ते वाचायचे होते. नऊ वर्षे मला ते वाचायचे होते. ‘सोडवा’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

आई परातीतल्या चेहऱ्याकडे पाहत होती. ‘तोंड राहू द्या,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, रागावल्याशिवाय, म्हणाली, ‘पाठीवरचं मला पाठ आहे रे. तोंडच आताशा डोळ्यांपुढे नीट येत नाही.’

नऊ वर्षांपूर्वी मी ‘वाचलं’ म्हणालो होतो, ते खोटे होते हे तिला त्याच दिवशी कळले होते, हे मला त्या पायरीवर समजले.

चाचांनी फोटो सावलीत, तोंड वर करून, आपल्या हाताने वारा घालून वाळवला. चार दिवसांनी वीज आल्यावर त्याची चांगली नक्कल काढून घेतली. अस्सल फोटो, भोवतीचा बोर्ड बेताने कापून, एका डब्यात घालून आता वरच्या मजल्यावर असतो. भिंतीवर नक्कल असते. खरे तर पहिल्या दिवशीच हे करायला हवे होते: नक्कल भिंतीला, अस्सल पेटीत. पुरात गेली तर नक्कल जाईल. ती पुन्हा काढता येते.

नक्कल बसवायची ठरली तेव्हा चाचांचे दुकान पुन्हा उभे राहिले होते. पुठ्ठा आम्लरहित, मुंबईहून मागवलेला. कागदाचे चार कोपरे, वर पुठ्ठ्याची खिडकी. आई म्हणाली, ‘जरा थांबा. पेन्सिल आहे का?’

तिने फोटोच्या पाठीवर लिहून पाहिले; नव्या कागदाची पाठ गुळगुळीत असते, पेन्सिल उमटेना. मग चाचांनी पाठीमागचा पुठ्ठाच तिच्यापुढे ठेवला. आई चौथी शिकलेली. ती आमच्याकडे पाठ करून बसली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडीत, चार-पाच ओळी तिने लिहिल्या. मी दुकानाबाहेर रस्त्याकडे पाहत उभा राहिलो. चाचांनीही मान वळवली. तिने स्वतःच फोटो त्या ओळींवर ठेवला, चारी कोपरे त्यात सरकवले, आणि ‘आता लावा काच’ म्हणाली.

परवा मुलीने ती तसबीर पुसता पुसता उलटी केली आणि विचारले, ‘बाबा, आजीनं आत काय लिहिलंय? उघडून बघूया ना. सुटतो म्हणता ना फोटो?’

‘सुटतो,’ मी म्हणालो.

आतून आई करंज्या तळता तळता ऐकत असावी, कारण झाऱ्याचा आवाज थांबला होता. मी तसबीर मुलीच्या हातातून घेतली, काच पुन्हा एकदा पुसली आणि खिळ्याला अडकवली. चार कोपरे काढायला दोन मिनिटे लागतील. त्या ओळी वाचायची वेळ कधीतरी माझ्यावर येईलच. ती जितकी उशिरा येईल तितकी बरी. आत झारा पुन्हा वाजू लागला, आणि मी पुढची तसबीर उचलली.